थिऑसॉफी आणि धर्म

थिऑसॉफी ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आलेली गूढवादी विचारप्रणाली होय. मराठीत तिला 'ब्रह्मविद्या' असाही शब्द वापरला जातो. तिच्या अभ्यासासाठी व प्रसारासाठी न्यू यॉर्क येथे १८७५ साली थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन झाली. हेलेना पेत्रोव्हना ब्लाव्हाट्स्की (१८३१–१८९१), कर्नल हेन्री स्टील ऑल्कॉट (१८३२–१९०७) आणि विल्यम क्वान जज (१८५१–१८९६) हे तिचे प्रमुख संस्थापक. फेब्रुवारी १८७९ ते डिसेंबर १८८२ या काळात सोसायटीचे मुख्य ठाणे मुंबईत, आधी गिरगावात व नंतर ब्रीच कँडी येथे होते. थिऑसॉफी हा धर्म नाही, असे तिचे प्रवर्तक आरंभापासून सांगत आले. मुंबईतील तिच्या अनुयायांना, विरोधकांना आणि सरकारला मात्र हे उत्तर पुरेसे वाटले नाही. पुढे याच पाश्चात्त्य गूढविद्येच्या प्रवाहातून इंग्लंडमध्ये विक्का हा पंथ निघाला. त्याच्याविषयीही हाच प्रश्न न्यायालयापर्यंत गेला आणि तेथे उत्तर निराळे मिळाले.

'धर्म' या शब्दाची अडचण

हा वाद समजून घेण्यापूर्वी एक भाषिक अडचण ध्यानात घ्यावी लागते. मराठीतील 'धर्म' हा शब्द इंग्रजीतील 'रिलिजन' या शब्दाला प्रतिशब्द म्हणून रूढ झाला, तो मुख्यतः एकोणिसाव्या शतकात, मिशनरी व शिक्षित एतद्देशीय यांच्या वादविवादांतून. तत्पूर्वी आणि आजही या शब्दाचा व्याप त्याहून मोठा आहे. उष्णता हा अग्नीचा धर्म असतो, शेजारधर्म पाळावा लागतो, वाटसरू धर्मशाळेत उतरतो. यांपैकी कशातही उपासना किंवा पोथी अभिप्रेत नाही. उलट विशिष्ट गुरू, उपासना आणि दीक्षा असलेल्या समूहाला मराठीत 'पंथ' किंवा 'संप्रदाय' असे स्वतंत्र शब्द आहेत. वारकरी, महानुभाव, नाथ हे संप्रदाय वा पंथ म्हणून ओळखले जातात. त्यामुळे 'हा धर्म आहे काय?' हा प्रश्न इंग्रजीत विचारला तर एका अर्थाचा होतो आणि मराठीत विचारला तर दुसऱ्या.

सोसायटीच्या बोधवाक्याचेच उदाहरण पाहता येईल. काशीनरेशांच्या घराण्याचे 'सत्यान्नास्ति परो धर्मः' हे वाक्य सोसायटीने आपले बोधवाक्य म्हणून स्वीकारले. इंग्रजी भाषांतरात त्याचा अर्थ 'सत्याहून थोर असा कोणताही रिलिजन नाही' असा होतो, म्हणजे प्रचलित धर्ममतांना दुय्यम स्थान देणारा. संस्कृत वाक्यातील 'धर्म' मात्र कर्तव्य, आचार, धारण करणारे तत्त्व या अर्थाने घेता येतो. मग सत्य हाच सर्वांत श्रेष्ठ धर्म ठरतो. एकाच वाक्याने युरोपीय सभासदास चर्चपासून सुटल्यासारखे वाटावे आणि हिंदू सभासदास आपल्याच परंपरेत परतल्यासारखे वाटावे, ही किमया या एका शब्दाची आहे. सोसायटीच्या भारतातील यशाचे श्रेय काही अंशी या द्व्यर्थालाही द्यावे लागेल.

गिरगावची पार्श्वभूमी

थिऑसॉफिस्ट मुंबईत आले तेव्हा गिरगावात धर्मचिकित्सेची परंपरा चांगली रुजलेली होती. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या पुढाकाराने १८४९ साली निघालेली परमहंस सभा जातिभेद अमान्य करीत असे. परंतु तिचे कामकाज गुप्त होते, आणि सभासदांची नावे बाहेर फुटल्यावर ती १८६० च्या सुमारास विस्कटली. ३१ मार्च १८६७ रोजी दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाजाची स्थापना झाली. पुढे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर या दोघांनी त्याला वैचारिक बैठक दिली. एप्रिल १८७५ मध्ये स्वामी दयानंद सरस्वती यांनी गिरगावातच आर्यसमाज स्थापन केला.

'तुम्ही नवा धर्म काढला काय?' या प्रश्नाला या दोन समाजांनी दिलेली उत्तरे एकमेकांहून भिन्न होती. प्रार्थना समाजाने मूर्तिपूजा, अवतारकल्पना व ग्रंथप्रामाण्य नाकारले; तथापि आपण हिंदू समाजातून बाहेर पडलो असे त्याने कधी म्हटले नाही. रानडे यांनी त्याची नाळ तुकाराम-एकनाथांच्या भागवतधर्माशी जोडली. आर्यसमाजाने वेद हेच एकमेव प्रमाण मानले आणि आपण नवे काही काढले नसून मूळ धर्माकडे परतत आहोत, अशी भूमिका घेतली. बारा वर्षांच्या अवधीत त्याच वस्तीत तिसरे उत्तर घेऊन थिऑसॉफिस्ट आले: आम्ही धर्मच नाही, म्हणून कोणत्याही धर्माच्या माणसाने आपला धर्म न सोडता आमच्यात यावे.

ही तिन्ही उत्तरे एकाच माणसाला एकदम पटू शकत होती, हेही नोंदवण्याजोगे आहे. 'लोकहितवादी' रावबहादूर गोपाळ हरी देशमुख यांनी अहमदाबादेत असताना प्रार्थना समाजाच्या कार्यात भाग घेतला, मुंबईच्या आर्यसमाजाचे अध्यक्षपद भूषवले आणि थिऑसॉफिकल सोसायटीतही ते पदाधिकारी होते. आजच्या वाचकाला यात विसंगती दिसेल. त्या पिढीला तशी ती दिसत नव्हती.

गिरगाव बॅक रोड

ब्लाव्हाट्स्की व ऑल्कॉट १६ फेब्रुवारी १८७९ रोजी 'स्पीक हॉल' या बोटीने मुंबईस पोहोचले. मुळजी ठाकरसी, श्यामजी कृष्णवर्मा आणि बाळाजी सीताराम हे त्यांना बोटीवर भेटले. किनाऱ्यावर पाऊल ठेवताच ऑल्कॉट यांनी बंदराच्या दगडी पायरीचे चुंबन घेतल्याचे त्यांनी स्वतःच आठवणींत लिहून ठेवले आहे. त्यांची उतरण्याची सोय हरिश्चंद्र चिंतामण यांनी गिरगाव बॅक रोडवरील आपल्या घरात केली होती. हरिश्चंद्र हे मुंबईच्या आरंभीच्या देशी छायाचित्रकारांपैकी एक आणि त्या वेळी येथील आर्यसमाजाचे अध्यक्ष. पाहुणचार मात्र फार दिवस टिकला नाही. घरभाडे, जेवणखाण, इतकेच नव्हे तर स्वागतसमारंभासाठी आणलेल्या खुर्च्यांचे भाडेदेखील मांडलेले बिल यजमानांनी पाहुण्यांपुढे ठेवले. आर्यसमाजासाठी अमेरिकेहून पाठवलेली रक्कम समाजाच्या हाती पडलीच नव्हती, हेही त्याच वेळी उघडकीस आले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मंडळी त्याच रस्त्यावरील १०८ क्रमांकाच्या घरात राहावयास गेली.

२३ मार्च १८७९ रोजी धोबी तलाव येथील फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये ऑल्कॉट यांचे सोसायटीच्या उद्दिष्टांवर पहिले जाहीर व्याख्यान झाले. ऑक्टोबर १८७९ पासून 'द थिऑसॉफिस्ट' हे मासिक निघू लागले; ते आजही अड्यार येथून निघते. २९ नोव्हेंबर १८७९ रोजी सोसायटीच्या वर्धापनदिनानिमित्त देशी कारागिरीच्या वस्तूंचे प्रदर्शन भरवण्यात आले. गोरा मनुष्य भारतीयांना त्यांच्या ग्रंथांची व कारागिरीची थोरवी सांगतो आहे, हे दृश्य त्या काळी अपूर्व होते. इंग्रजी शाळांत आपल्या परंपरेची हेटाळणी ऐकत वाढलेल्या तरुणांवर त्याचा जो परिणाम झाला, तो थिऑसॉफीच्या सिद्धान्तांच्या परिणामापेक्षा अधिक खोल होता, असे म्हणता येते.

सरकारचा दृष्टिकोन अगदी निराळा होता. ब्लाव्हाट्स्की जन्माने रशियन असल्यामुळे त्यांच्यावर हेरगिरीचा संशय होता. गिरगावातील घरावर आणि उत्तर भारताच्या प्रवासातही त्यांच्यावर पोलिसांची पाळत होती. ऑल्कॉट यांनी सिमल्यापर्यंत दाद मागितल्यावर १८८० मध्ये ती उठवण्यात आली.

मुंबईतील सभासदांत गुजराती व्यापारी, पारशी सुशिक्षित आणि मराठी नोकरदार असे तिन्ही वर्ग होते. मराठी मंडळींत तुकाराम तात्या पडवळ यांचे नाव विशेष महत्त्वाचे आहे. कापसाच्या व्यापारात असलेल्या या गृहस्थांनी १८६१ साली 'एक हिंदू' या नावाने 'जातिभेद विवेकसार' हे पुस्तक लिहिले होते, आणि त्याच्या १८६५ च्या दुसऱ्या आवृत्तीस जोतीराव फुले यांचे साहाय्य लाभले होते. सोसायटीत आल्यावर त्यांनी प्रकाशन निधी उभारून योगसूत्रांसारखे ग्रंथ स्वस्तात छापले आणि गरिबांसाठी होमिओपॅथीचा धर्मार्थ दवाखाना चालवला. १८८९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या तुकारामांच्या गाथेत आठ हजारांहून अधिक अभंग आहेत. त्यांतील किती तुकारामांचे, हा अभ्यासकांचा निराळा वाद आहे. जातिभेदाविरुद्ध लिहिणारा, फुल्यांच्या वर्तुळातला माणूस थिऑसॉफीकडे वळतो आणि तिच्या द्वारे तुकोबांकडे जातो, ही वाट थिऑसॉफीच्या इतिहासग्रंथांत क्वचितच दाखवली जाते.

दामोदर मावळणकर

धर्म न सोडता सभासद होता येते, या आश्वासनाची खरी परीक्षा दामोदर के. मावळणकर या तरुणाच्या बाबतीत झाली. त्यांचा जन्म १८५७ साली अहमदाबादेत एका सधन कऱ्हाडे ब्राह्मण कुटुंबात झाला. ऑगस्ट १८७९ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आसपास, ते सोसायटीचे सभासद झाले. त्या दिवसांत भर पावसात हातात कंदील घेऊन गिरगावच्या घरी येणाऱ्या या किरकोळ अंगाच्या तरुणाचे वर्णन ऑल्कॉट यांनी केले आहे. थोड्याच दिवसांत ते तेथेच राहू लागले आणि 'द थिऑसॉफिस्ट'च्या व्यवस्थेचा बराचसा भार त्यांच्यावर आला.

परजातीच्या व परधर्माच्या माणसांसह एका घरात राहणे, त्यांच्या पंक्तीला बसणे, हा त्या काळी सरळ बहिष्काराचा विषय होता. मावळणकर यांनी तो चुकवण्यासाठी प्रायश्चित्त घेतले नाही, की गोष्ट लपवूनही ठेवली नाही. मे १८८० च्या 'द थिऑसॉफिस्ट'मध्ये त्यांनी भारतातील जातींविषयी स्वतःच्या नावानिशी लेख लिहिला आणि विश्वबंधुत्वाचे तत्त्व मान्य केल्यावर जात पाळणे आपल्याला शक्य नाही, असे जाहीर केले. परमहंस सभेच्या मंडळींनी वीस वर्षांपूर्वी ज्या भीतीने दारे बंद करून भोजन केले होते, ती भीती या लेखात दिसत नाही. त्याच महिन्यात ते ब्लाव्हाट्स्की व ऑल्कॉट यांच्यासह सिलोनला गेले. २५ मे १८८० रोजी गॉल येथे दोघा संस्थापकांनी पंचशील घेऊन बौद्ध धर्म स्वीकारला. मावळणकर यांनीही सिलोनमध्येच पंचशील घेतले.

याचे कौटुंबिक परिणाम कठोर झाले. आरंभी सोसायटीला अनुकूल असलेले वडील विरोधात गेले. बालपणीच लग्न झालेल्या दामोदरांनी वडिलोपार्जित मालमत्तेवरील हक्क सोडला, तो पत्नीचा सांभाळ सासरी व्हावा या अटीवर. त्यांच्या त्यागाचे गोडवे थिऑसॉफिकल वाङ्मयात पुष्कळ आढळतात. या लग्नाची किंमत ज्या मुलीने मोजली, तिच्याविषयी ते वाङ्मय दोन ओळींपलीकडे जात नाही. फेब्रुवारी १८८५ मध्ये मावळणकर अड्यारहून निघाले, दार्जिलिंगमार्गे तिबेटच्या दिशेने गेले आणि त्यानंतर ते परतले नाहीत. सोसायटी धर्म नसेल. परंतु एका माणसाला जात, घर, संसार आणि शेवटी देशही सोडावयास लावण्याइतके सामर्थ्य तिच्यात होते. समाजाच्या दृष्टीने धर्मांतर म्हणजे याहून वेगळे काय असते, हा तिच्या टीकाकारांचा प्रश्न गैरवाजवी नव्हता.

आर्यसमाजाशी फारकत

भारतात येण्यापूर्वीच, १८७८ साली, सोसायटीने आर्यसमाजाशी संलग्नता जाहीर केली होती आणि काही काळ 'आर्यसमाजाची थिऑसॉफिकल सोसायटी' असे नावही धारण केले होते. दोन्ही पक्षांना परस्परांची मते पुरती ठाऊक नव्हती. प्रत्यक्ष भेटीगाठी सुरू झाल्यावर मतभेद वाढले. स्वामी दयानंदांच्या दृष्टीने सगुण कर्ता ईश्वर आणि वेदप्रामाण्य या गोष्टी तडजोडीच्या नव्हत्या. थिऑसॉफिस्ट तर व्यक्तिरूप ईश्वर मानीत नव्हते. त्यांनी बौद्ध शीले घेतली होती, आणि पारशी, बौद्ध, हिंदू सर्वांना ते त्यांचे त्यांचे धर्म थोर असल्याचे सांगत होते. १४ फेब्रुवारी १८८२ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये ऑल्कॉट यांनी जरथुष्ट्री धर्मावर व्याख्यान दिले, तेही याच धोरणाला अनुसरून. मार्च १८८२ मध्ये दयानंदांनी मुंबईतच जाहीर व्याख्यान देऊन थिऑसॉफिस्टांशी संबंध तोडला.

फारकतीचे कारण नीट पाहिले तर तेही 'धर्म' या शब्दापाशीच पोहोचते. सर्व धर्म मुळात एकच आहेत असे म्हणणारा कोणत्या एका धर्माचा असू शकतो? दयानंदांचे उत्तर होते: कोणत्याच नाही. सर्वांशी मैत्री करणाऱ्यावर कोणाचाच भरवसा बसत नाही, ही अडचण सोसायटीला पुढेही जाचली.

१८८० च्या अखेरीस सोसायटीचे ठाणे गिरगावातून ब्रीच कँडी येथील 'क्रोज नेस्ट' या बंगल्यात गेले होते. डिसेंबर १८८२ मध्ये ते मद्रासजवळील अड्यार येथे कायमचे हलवण्यात आले.

शिकवण

थिऑसॉफीची शिकवण प्रामुख्याने ब्लाव्हाट्स्की यांच्या 'आयसिस अन्व्हेल्ड' (१८७७), 'द सीक्रेट डॉक्ट्रिन' (१८८८) आणि 'द की टू थिऑसॉफी' (१८८९) या ग्रंथांत आहे. सर्व अस्तित्वामागे एकच अव्यक्त तत्त्व आहे. विश्व चक्राकार गतीने विकसित व लीन होते. मनुष्य सप्तविध घटकांचा बनलेला आहे. कर्म व पुनर्जन्म यांच्या योगे आत्म्याची उन्नती होते, ही तिची मुख्य सूत्रे. यांतील बहुतेक गोष्टी मराठी वाचकाला घरच्या वाटतील, पण त्यांची मांडणी घरची नाही. वेदान्त, बौद्धमत, नवप्लेटोवाद आणि तत्कालीन उत्क्रांतिवाद यांचे ते मिश्रण आहे. मानववंशांच्या 'मूळ वंशां'विषयीचा त्यातील भाग आज विशेष टीकेचा विषय होतो, आणि ती टीका योग्यच आहे.

ही विद्या हिमालयापलीकडे राहणाऱ्या महात्म्यांकडून आपणास मिळाली, असा ब्लाव्हाट्स्की यांचा दावा होता. मोर्य आणि कूट हुमी या महात्म्यांची म्हणून समजली जाणारी पत्रे १८८० पासून 'पायोनियर' पत्राचे संपादक ए. पी. सिनेट यांना येऊ लागली. काँग्रेसच्या स्थापनेमुळे पुढे ज्यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते ए. ओ. ह्यूम हेही काही काळ या पत्रव्यवहारात होते. ही पत्रे चमत्काराने नव्हे तर हातचलाखीने पोहोचत असत, असा आरोप सोसायटीच्या घरी राहिलेल्या एमा कूलोम यांनी १८८४ मध्ये केला. लंडनच्या मानसिक संशोधन संस्थेच्या वतीने रिचर्ड हॉजसन यांनी चौकशी केली आणि १८८५ च्या अहवालात ब्लाव्हाट्स्की यांना दोषी ठरवले. शंभर वर्षांनंतर, १९८६ साली, त्याच संस्थेच्या नियतकालिकात व्हर्नन हॅरिसन यांनी हॉजसन यांच्या पद्धतीवर कडक टीका केली.

धर्म आहे काय?

स्वतः ब्लाव्हाट्स्की यांनी नोव्हेंबर १८८८ मध्ये आपल्या 'लुसिफर' या मासिकात या प्रश्नावर लेख लिहिला. थिऑसॉफी हा अनेक धर्मांपैकी एक धर्म नसून सर्व धर्मांच्या मुळाशी असलेले धर्मतत्त्वच आहे, असा त्यांचा प्रतिवाद होता. हे उत्तर चतुर आहे, पण त्याने प्रश्न सुटत नाही. आपण इतरांसारखे एक नसून सर्वांचे मूळ आहोत, असा दावा इतिहासात अनेक धर्मांनीही केला आहे.

सोसायटी धर्म नाही याची प्रमाणे तिच्या घटनेत सापडतात. वंश, धर्म, लिंग, जात व वर्ण यांचा भेद न मानणाऱ्या विश्वबंधुत्वाचे केंद्र निर्माण करणे. धर्म, तत्त्वज्ञान व विज्ञान यांच्या तौलनिक अभ्यासाला उत्तेजन देणे. निसर्गाचे अज्ञात नियम आणि मनुष्यातील सुप्त शक्ती यांचा शोध घेणे, ही तिची तीन उद्दिष्टे. सभासदाने यांपैकी पहिले मान्य केले म्हणजे पुरे; महात्म्यांवर किंवा पुनर्जन्मावर विश्वास ठेवण्याची सक्ती नाही. तिचे स्वतःचे जन्म, विवाह, मृत्यू यांचे संस्कार नाहीत. अड्यारच्या आवारात निरनिराळ्या धर्मांची उपासनास्थाने शेजारी शेजारी आहेत.

उलट बाजूही तितकीच भक्कम आहे. विश्वोत्पत्तीची कथा, अलौकिक गुरूंची परंपरा, प्रमाण मानले जाणारे ग्रंथ, अंतर्गत दीक्षित मंडळ, हे सर्व तिच्यात आहे. ॲनी बेझंट (१९०७ पासून अध्यक्ष) आणि सी. डब्ल्यू. लेडबीटर यांच्या काळात तर हा कल अधिक स्पष्ट झाला. १९०९ साली अड्यारला आढळलेल्या जे. कृष्णमूर्ती या मुलाला भावी जगद्गुरू ठरवण्यात आले आणि त्यासाठी १९११ मध्ये स्वतंत्र संघ उभारला गेला. १९१६ मध्ये लेडबीटर एका नव्या चर्चच्या उभारणीत सामील झाले. ३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमधील ओमेन येथे कृष्णमूर्तींनीच तो संघ विसर्जित केला. पुढे ते अनेक वर्षे मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या आवारात व्याख्याने देत आणि गुरू, संस्था, दीक्षा यांपैकी कशाचीही गरज नाही असे सांगत. त्यांना धर्मसंस्थापक करण्याचा प्रयत्न फसला, याचे श्रेय त्यांच्या एकट्याच्या नकाराला आहे.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्केम यांनी १९१२ साली केलेली व्याख्या येथे उपयोगी पडते. पवित्र मानलेल्या गोष्टींविषयीच्या श्रद्धा व आचार यांनी एकत्र बांधलेला नैतिक समुदाय म्हणजे धर्म. जादूला ग्राहक असतात, पण समुदाय नसतो, असे ते म्हणतात. या कसोटीवर थिऑसॉफिकल सोसायटी दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभी राहते. तिला समुदाय आहे, श्रद्धाही आहेत, परंतु समान आचार नाही.

विक्काशी नाते

विक्का हा इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यास प्रकट झालेला निसर्गपूजक पंथ. त्याचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर (१८८४–१९६४) यांनी तरुणपण सिलोन व मलायातील मळ्यांवर आणि नोकरीत घालवले होते. निवृत्तीनंतर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याकडे राहत असताना ते ज्या गूढविद्येच्या मंडळात वावरत, त्यात ॲनी बेझंट यांच्या कन्या मेबेल बेझंट-स्कॉट या प्रमुख होत्या. गिरगावातून अड्यारला गेलेल्या प्रवाहाचा एक धागा असा विक्काच्या जन्मस्थळापर्यंत पोहोचतो. जादूटोण्याविरुद्धचा जुना कायदा १९५१ साली रद्द झाल्यानंतर, १९५४ मध्ये गार्डनर यांनी 'विचक्राफ्ट टुडे' हे पुस्तक प्रसिद्ध केले. डोरीन व्हॅलिएंटे (१९२२–१९९९) यांनी विधींच्या संहितेला आजचे रूप दिले.

विक्कामध्ये सामान्यतः देवी आणि शिंगधारी देव या युगुलाची उपासना असते. ऋतुचक्रानुसार वर्षात आठ सण आणि पौर्णिमेच्या बैठका होतात. वर्तुळ आखून चार दिशांना आवाहन केले जाते. छोट्या मंडळांत तीन पायऱ्यांची दीक्षा दिली जाते. अनेक जण एकट्यानेही उपासना करतात. कोणास इजा न होईल असे वर्तन हा मुख्य नीतिनियम आहे, आणि केलेले कर्म तिपटीने परत येते अशी अनेकांची समजूत आहे. सैतान ही ख्रिस्ती कल्पना असून विक्कात तिला स्थान नाही. हा पंथ प्राचीन काळापासून गुप्तपणे चालत आला, ही गार्डनर यांची कथा इतिहासकार आता मान्य करीत नाहीत. रोनाल्ड हटन यांच्या १९९९ च्या ग्रंथाने तिचे आधुनिक मूळ सविस्तर दाखवून दिले.

मराठीत या पंथाच्या अनुयायी स्त्रीला 'चेटकीण' म्हणणे टाळावे. इंग्लंडमध्ये तो शब्द अभिमानाने स्वीकारता येतो; आपल्याकडे तो एखाद्या विधवेच्या किंवा एकाकी स्त्रीच्या जिवावर उठतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने एखाद्यावर करणी-चेटकाचा आळ घेऊन त्याचा छळ करणे हा गुन्हा ठरवला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्यासाठी अनेक वर्षे झगडा दिला, तो हा कायदा त्यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर अमलात आला. विशिष्ट घातक कृत्ये कोणती, एवढेच तो पाहतो. ती करणाऱ्याची श्रद्धा धर्म आहे की नाही, हा प्रश्न तो विचारत नाही.

न्यायालयांची उत्तरे

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील एका कैद्याने विक्काच्या उपासनेसाठी मेणबत्त्या, मीठ, धूप, झगा अशा वस्तू मागितल्या. त्यावरील 'डेटमर विरुद्ध लँडन' या खटल्यात १९८६ साली संघीय अपील न्यायालयाने विक्का हा राज्यघटनेच्या अर्थाने धर्मच आहे असे मानले. तुरुंगाच्या सुरक्षिततेच्या कारणास्तव वस्तू मात्र नाकारल्या. २००७ पासून अमेरिकी सैनिकांच्या सरकारी स्मृतिशिळांवर विक्काचे पंचकोनी ताऱ्याचे चिन्ह कोरता येते.

थिऑसॉफीच्या वाट्याला उलट निर्णय आला. 'बेरी विरुद्ध सेंट मेरिलबोन' या, १९५८ च्या निर्णयसंग्रहात आलेल्या खटल्यात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने, सोसायटीची उद्दिष्टे धर्माच्या अभ्युदयाची नाहीत असे ठरवून स्थानिक करातील सवलत नाकारली. 'आम्ही धर्म नाही' हे ब्याऐंशी वर्षांचे म्हणणे अखेर कोणीतरी शब्दशः खरे मानले, तेही तिच्या तोट्यात.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात, ईश्वर मानणे ही धर्माची अट नाही, असे स्पष्ट केले. बौद्ध व जैन धर्मांचा दाखला तेथे दिला आहे. त्याच वर्षी मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्यावरील रतिलाल पानाचंद गांधी यांच्या खटल्यात, श्रद्धेइतकेच आचारालाही घटनेचे संरक्षण आहे, असा निर्णय झाला. थिऑसॉफीला सर्वांत जवळचा निर्णय मात्र ऑरोव्हिलसंबंधीचा आहे. 'एस. पी. मित्तल विरुद्ध भारत सरकार' (१९८२) या खटल्यात बहुमताने अरविंदांची शिकवण हे तत्त्वज्ञान मानले, धर्म नव्हे. संस्थेच्या घटनेतील उद्दिष्टे आणि सर्वांस खुले असलेले सभासदत्व ही त्याची मुख्य कारणे. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांचे मत या मुद्द्यावर भिन्न होते. बहुमताची कसोटी थिऑसॉफिकल सोसायटीला जशीच्या तशी लागू पडते.

सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, कोणत्याही नागरिकास धर्म जाहीर करण्याची सक्ती करता येत नाही आणि 'मला कोणताही धर्म नाही' असे म्हणण्याचाही त्यास अधिकार आहे, असा निर्णय दिला. २०११ च्या जनगणनेच्या पत्रकात हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध व जैन या सहा धर्मांना सांकेतिक क्रमांक होते. इतरांनी आपल्या धर्माचे नाव पूर्ण लिहावयाचे होते. विक्काच्या अनुयायास तेथे ते नाव लिहिता येते. थिऑसॉफिस्ट त्या जागी सहसा आपला जन्माचा धर्म लिहितो, आणि सोसायटीची त्याला हरकत नसते.